गाडी करून बेटावर

सोलापुरात 'प्रायव्हेट टूर' असं कुणी म्हणत नाही. आम्ही गाडी करतो. तुळजापूरला जायचंय, गाडी करू. अक्कलकोट, गाणगापूर एका दिवसात उरकायचंय, गाडी करू. गाडी केली की ड्रायव्हर आला, त्याचं जेवण आलं आणि गाइडही आला, कारण देवळात गर्दी कधी कमी असते आणि शेंगाभाजी कुठल्या धाब्यावर खायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बालीला जायचं ठरलं आणि बायकोनं मोबाइलवर 'नुसा पेनिडा बेट, प्रायव्हेट गाइडेड डे ट्रिप' असं वाचून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे काय?"

"गाडी करून बेटावर जायचं."

"मग तेवढंच सांग की."

प्रायव्हेटचा हट्ट बायकोचा होता. तिच्या बाजूनं दोन मुद्दे होते. एक, आईचे गुडघे. दोन, काही वर्षांपूर्वीची आमची एक ग्रुप सहल. त्या सहलीत आम्ही झेंडा धरलेल्या माणसाच्या मागून चाललो होतो, दर दोन तासांनी आमची मोजदाद व्हायची, आणि चार दिवसांत मिळून तीन देवळं, एक बाग आणि अकरा ड्रायफ्रूटची दुकानं पाहून झाली होती. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. पैसे मी भरले.

आता बेट म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढं एकच बेट येतं. सिद्धेश्वराचं देऊळ. चारी बाजूंनी तळं, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि पाण्यातून जाणारी वाट. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवून घेतलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या बेटावर जायला बोट लागत नाही, भरतीओहोटी पाहावी लागत नाही. पिशवीत नारळ टाकायचा आणि चालत जायचं. म्हणूनच की काय, खऱ्याखुऱ्या समुद्रातल्या बेटाला जाताना आईची तयारी तेवढीच होती. पिशवीत नारळ नव्हता, पण चकल्यांचा डबा, आवळासुपारी आणि एक सोलापुरी टॉवेल होता.

बालीच्या सानूर बंदरातून पेनिडाला फास्ट बोट जाते. पाऊण तासाच्या आत पोचवते, पण मधल्या बादुंग सामुद्रधुनीत पाणी कधी कधी चांगलंच उसळतं. त्या दिवशी उसळत होतं. बोट एका लाटेवरून सुटली आणि दुसरीवर आदळली, तसे पुढचे चार ऑस्ट्रेलियन तरुण आनंदानं किंचाळले. आईनं डोळे मिटले, माझं मनगट धरलं आणि खड्या आवाजात म्हणाली, "एकदा भक्तलिंग हर्र!"

आणि माझ्या तोंडून, मला काही कळायच्या आत, "बोला हर्र!"

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसमोर ही आरोळी ऐकत वाढलेल्या माणसाला ती अर्धी सोडता येत नाही, मग तो कुठल्याही समुद्रात असो. पुढच्या लाटेला ऑस्ट्रेलियन तरुणांनीही 'हर्र' केलं. त्यांना तो सुरक्षेचा काही नियम वाटला असावा.

धक्क्यावर गाइड उभा होता. हाच ड्रायव्हर. हात जोडून 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणाला, तेव्हा आईनं माझ्याकडे असं पाहिलं की, एवढ्या लांब आणलंस आणि हा तर आपल्यातलाच निघाला. नाव न्योमान. म्हणजे तिसरा. बालीत नाव बहुधा जन्माच्या क्रमावरून ठरतं. पहिला वायन, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवा झाला तर पुन्हा वायनपासून सुरुवात. बारशाला आत्यांची भांडणं नाहीत, ही सोय मला फार आवडली. तो आईला 'इबू' म्हणायला लागला. इबू म्हणजे आई. "मग आईच म्हण म्हणावं," आई म्हणाली. तो दिवसभर "आयी" म्हणत राहिला.

पेनिडाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. निळंशार पाणी आणि त्यात घुसलेला डायनासोरच्या आकाराचा कडा. तो केलिंगकिंग, बेटाच्या पश्चिमेला. आईचे गुडघे बघून न्योमाननं पूर्वेकडचा रस्ता सुचवला आणि आम्ही निघालो. किनाऱ्यालगत लोक समुद्रशेवाळ वाळवत होते. उथळ पाण्यात दोऱ्या ताणून त्यावर ते वाढवायचं, काढायचं, ताडपत्रीवर पसरायचं. वास असा की बायकोनं काच वर केली. पर्यटक वाढले तसे बऱ्याच जणांनी हे काम सोडलं होतं. मग कोरोनात पर्यटक बंद झाले आणि माणसं पुन्हा दोऱ्यांकडे वळली.

"आता आधी गोवा," न्योमान म्हणाला.

आई दचकली. "गोवा? इथं?"

गोवा म्हणजे गुहा. आपलाच संस्कृत शब्द तिकडे जाऊन तसा झालाय. गोवा गिरी पुत्री, म्हणजे गिरिपुत्रीची, पार्वतीची गुहा. शंभरावर पायऱ्या चढून गेलो तर समोर कातळात एक भोक, रांजणाच्या तोंडापेक्षा थोडं मोठं. त्यातून वाकून, जवळजवळ बसूनच आत शिरायचं. आईचं कसं होणार म्हणून मी पुढं झालो, तोवर ती पदर खोचून आत गेलीसुद्धा. अंधारातून आवाज आला, "ये की. डोकं सांभाळ."

आणि आत एकदम केवढी तरी जागा. पांढुरका दगड, वरून ठिबकणारं पाणी, ठिकठिकाणी उदबत्त्या, ओळीनं देवस्थानं, आणि पार टोकाला चिनी करुणादेवी क्वान इम. पुजाऱ्यानं तीर्थ शिंपडलं आणि भिजवलेले तांदळाचे दाणे कपाळाला चिकटवले. "अक्षता," आई म्हणाली. ती हे मला सांगत नव्हती, पुजाऱ्याला सांगत होती. त्यानं मान डोलावली.

खरी गडबड झाली ती गुहेबाहेर. आत जाण्यापूर्वी कमरेला गुंडाळायला दिलेला सारोंग परत करताना आईनं त्याचा काठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळला. ही तिची जुनी खोड. लग्नात आहेराची साडीसुद्धा ती आधी चोळते, मग हसते.

"मिलचं आहे. हातमागाचं इथं कुठं विणतात का, विचार त्याला."

न्योमानच्या कागदावर पुढं झाडावरचं घर होतं. तिथं शिडीवर बसून मागं समुद्र घेऊन फोटो काढायचा असतो. बायकोनं त्यासाठी पिवळा ड्रेस घातला होता. पण आईचा प्रश्न कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. तांगलाद नावाचं गाव आहे, म्हणाला, डोंगरात. वळसा पडेल. पर्यटक जात नाहीत फारसे. झाडावरचं घर किंवा तांगलाद, दोन्ही व्हायचं नाही, परतीची बोट चुकेल.

गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पिवळ्या ड्रेसमधून आवाज आला, "चला, आई."

तांगलादची वाट आतल्या भागातून जाते आणि तिथं हिरवं बेट संपतं. ऑक्टोबर अखेर होती, तिकडचा कोरडा हंगाम सरत आलेला. पिवळं पडलेलं गवत, दगडांचे बांध, निवडुंग, सावलीला उभ्या असलेल्या तांबूस गाई. दोन मिनिटं वाटलं मंगळवेढ्याकडे निघालोय. सगळं बेटच चुनखडीचं. पाऊस पडतो तो दगडात मुरतो आणि थेट कड्यांच्या पायथ्याशी, समुद्राच्या तोंडाशी झरे होऊन निघतो. वर राहणाऱ्याला काय उपयोग? म्हणून जुन्या घरांपुढे पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या. आमच्या जिल्ह्यातला काळा खडक पाणी आत घेत नाही, यांचा पांढरा खडक घेतो आणि परत देत नाही, एवढाच फरक. भातशेतीही नाही. पूर्वी मका आणि कसावा यांवरच माणसं जगली. कसावा म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो.

"म्हणजे बारा महिने उपास की," आई म्हणाली.

ती म्हातारी ओसरीवर बसली होती. पाय सरळ पुढं पसरलेले, कमरेच्या मागं लाकडाची वाकडी पट्टी, तिच्या दोऱ्या समोरच्या तुरईला, म्हणजे विणलेलं कापड गुंडाळायच्या दांड्याला, बांधलेल्या. ताणा ताठ राहायचा तो तिच्या पाठीच्या जोरावर. ती मागं रेलली की सूत ताणायचं, पुढं झुकली की ढिलं व्हायचं. बाणा घातला की लाकडी फळीनं ठोकायचा, चक् चक्. आवाजावरूनच त्या मागाचं नाव चगचग, न्योमान म्हणाला. एरवी या गावाचं नाव आहे चेपुक नावाच्या कापडासाठी. ते नुसतं नेसायचं नसतं, विधीत लागतं, अंगाचं रक्षण करतं अशी श्रद्धा आहे. म्हातारी विणत होती ते रंगरंग, नागमोडी नक्षीचं.

आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. ज्या गुडघ्यांसाठी आम्ही प्रायव्हेट गाडी केली होती, ते गुडघे दुमडून.

आमचे वडील साखर पेठेत यंत्रमागावर होते. रात्रपाळी करून आले की भुवयांवर सुताची पांढरी लव असायची. आई घरी कांड्या भरायची. एका हातानं रहाट, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत, मांडीवर मी किंवा धाकटी. हे मला माहीत होतं, म्हणजे माहीत असलेल्या गोष्टींच्या ढिगात कुठंतरी पडलेलं होतं. त्या ओसरीवर म्हातारीच्या ताण्याचा एक धागा तुटला आणि आईचा हात आपोआप पुढं गेला. तिनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी सरकली. आईनं दोन्ही टोकं चिमटीत घेतली, बोटं ओली केली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"राख."

ओसरीच्या पायरीवर सकाळच्या पूजेची फुलांची परडी होती, तिच्यातल्या उदबत्तीची राख खाली पडली होती. त्यातली चिमूटभर आईनं बोटांना लावली, टोकं एकमेकांवर ठेवली आणि पीळ दिला. गाठ नाही, नुसता पीळ. सोडलं तेव्हा सांधा कुठला हे मला दिसेना. म्हातारीनं वाकून पाहिलं, नखानं एकदा खरवडलं, आणि मोठ्यानं हसली. पुढचे तीन दातच काय ते शिल्लक होते.

नंतर अर्धा तास दोघी बोलत होत्या. एक बालीत, एक सोलापुरीत. न्योमान आधी भाषांतर करत होता, मग त्यानं नाद सोडला आणि चकल्या खात बसला. आईची एकच तक्रार होती. नक्षीत जिथं एक रंग संपून दुसरा लागायचा तिथं बारीक भोकं होती. "घट्ट ठोकलं नाही का हिनं?" तेवढं मात्र त्याला भाषांतरावं लागलं. भोकं मुद्दाम ठेवतात, तीच रंगरंगची खूण. आईनं कापड उजेडात धरलं, भोकांतून म्हातारीकडे पाहिलं, आणि तिचं म्हणणं मान्य केलं. मग पिशवीतला टॉवेल काढून दिला, बघ म्हणून. म्हातारीनं आधी तो उलटा केला. विणकर कापडाची पाठ आधी बघतो.

मंगळवार बाजारात मेथीच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणाऱ्या माझ्या आईनं त्या उपरण्याएवढ्या कापडाला म्हातारीनं सांगितली ती किंमत दिली. "दिवस मोज की तिचे," एवढंच म्हणाली. रुपियाचा हिशेब लाखात गेला. आमच्या घराण्यात लाखाची खरेदी पहिल्यांदाच झाली. टॉवेल परत आला नाही.

डायमंड बीच पाहिला, पण धावतपळत. पांढऱ्या कड्यात पायऱ्या कोरल्यात, खाली शुभ्र वाळू, पाण्यातून सुळक्यांसारखे वर आलेले दगड. फोटोत दिसतो त्यापेक्षा सुंदर आहे. आम्ही अर्ध्यातूनच वर आलो. पलीकडे धूसर लोम्बोक बेट दिसत होतं. 1856 साली आल्फ्रेड वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक बालीहून तिकडे गेला आणि चक्रावला, कारण एवढीशी सामुद्रधुनी ओलांडल्यावर पक्षीच बदलले होते. अलीकडे आशियातले, पलीकडे काकाकुवा. दोन्हीकडचे प्राणी वेगळे करणारी त्याच्या नावाची रेषा याच पाण्यातून जाते. आपल्याकडे अक्कलकोटच्या पुढं कानडी लागते तसं, असं मी बायकोला समजावत होतो. ती पिवळा ड्रेस सांभाळत सेल्फी काढत होती. तिला काढू दिला. तेवढा तिचा हक्क होता.

परतीच्या बोटीत समुद्र शांत होता. ते कापड गळ्याभोवती घेऊन आई झोपली.

सोलापुरात आल्यावर गल्लीतले एक काका, जन्म यंत्रमागावर गेलेले, भिंग घेऊनच आले. कापडावर ठेवून त्यांनी धागे मोजले, पाठ पाहिली, मग एका भोकात करंगळी घातली. "वहिनी, फसवलं की हो तुम्हाला. माल विरलाय."

"राहू दे. तुमच्या ध्यानात यायचं नाही ते," आई म्हणाली.

"बरं, आणि काय काय बघितलं बालीत?"

"गोवा," आई म्हणाली. "शंभर पायऱ्या चढून."