गाडी धुऊ नये, ही विनंती

गाडी सर्व्हिसिंगला दिली की काउंटरपलीकडची व्यक्ती जॉबकार्डवर भराभर खुणा करत जाते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, चाकांचे अलाइनमेंट अशा प्रत्येक ओळीपाशी ती थांबते, खर्चाचा अंदाज सांगते आणि आपली संमती घेते. शेवटच्या ओळीपाशी मात्र कोणी थांबत नाही. तेथे ‘वॉशिंग’ हा शब्द छापलेला असतो आणि त्यापुढची बरोबरची खूणही जणू त्याच्याबरोबर छापूनच आलेली असते. फुकट मिळणारी गोष्ट नको म्हणणारा ग्राहक असू शकतो, ही शक्यता तो कागद तयार करणाऱ्याच्या मनाला शिवलेली नसावी.

मी तसा ग्राहक आहे. पण जन्मजात नव्हे. पहिली काही वर्षे संध्याकाळी चकचकीत होऊन परत आलेली गाडी पाहून मला इतका आनंद होत असे की आत कोणते भाग बदलले, हे विचारायचेही राहून जाई. मग एके दिवशी, उन्हे कलल्यावर, गाडीच्या गडद निळ्या बॉनेटवर मला एक कोळिष्टक दिसले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसाहून बारीक रेघांची वर्तुळेच वर्तुळे होती. आपण सरकलो की तीही आपल्याबरोबर सरकत. धुणाऱ्याने फडके गोल गोल फिरवल्याची ही खूण आहे, असे मला बरेच दिवस वाटत होते. प्रत्यक्षात रेघा सर्व दिशांना पडलेल्या असतात; त्यांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, आणि म्हणून सगळ्या मिळून प्रकाशाभोवती फेर धरल्यासारख्या भासतात. म्हणजे हात गोल फिरला काय किंवा सरळ, वाळूचा कण आपले काम करून गेलेला असतो.

कण एवढासा, पण तो बहुधा क्वार्ट्‌झचा असतो. खनिजांच्या कठीणपणाची जी मोस श्रेणी आहे तीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे. साध्या पोलादी चाकूचे पातेही त्याच्या खालीच राहते. आणि त्याची गाठ कोणाशी पडते, तर गाडीच्या रंगावर असलेल्या पारदर्शक थराशी. या क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या डोक्यावरच्या एका केसाहूनही सहसा कमीच. गाडीची सगळी चकाकी या थरात आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. ओरखडे घालवायचे असतील तर मशीनने पॉलिश करता येते, हे खरे. परंतु पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे, तर आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. दर वेळी त्यातले काही मायक्रॉन खर्ची पडतात आणि ते परत जमा करण्याची सोय नसते. हे कळल्यापासून गाडी चकचकीत करून देतो असे कोणी म्हणाले की मला आधी शिल्लक तपासावीशी वाटते.

गाडी धुणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. वाट पाहण्याच्या खोलीच्या काचेतून मी त्यांचे काम पुष्कळदा न्याहाळले आहे. गाड्यांची रांग संपत नाही, प्रत्येक गाडी ठरलेल्या वेळेला मालकाच्या हाती द्यायची असते आणि गाडी उशिरा मिळाल्याची तक्रार लगेच होते. ओरखड्याची तक्रार मात्र फार तर कलत्या उन्हात, तीही आठवड्याने, माझ्यासारखा एखादाच करतो. अशा परिस्थितीत कोणीही जे करील तेच तेथे होते. बादली एकच असते आणि तिच्यातले पाणी कितव्या गाडीचे आहे, हे पाण्याच्या रंगावरून ओळखावे लागते. ज्या फडक्याने चाके आणि दारांखालच्या चिखलाच्या पट्ट्या पुसल्या, तेच पिळून बॉनेटवर येते. ते मध्येच जमिनीवर पडते, उचलले जाते, झटकले जाते आणि पुन्हा कामाला लागते. सावकाश धुणाऱ्याचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे: आधी पाण्याने भिजवून सैल झालेली धूळ हात न लावता वाहू द्यावी, शॅम्पूची बादली वेगळी आणि मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, खळबळायची बादली वेगळी ठेवावी, छतापासून सुरुवात करून चाके शेवटी घ्यावीत, उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळू देऊ नये, कारण त्यातले क्षार पांढरे डाग होऊन मागे राहतात. यात काहीही अवघड नाही, फक्त वेळ लागतो. आणि त्या रांगेत नेमका तोच कोणाकडे नसतो.

पुसण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण लोक धुण्याकडे लक्ष देतात आणि पुसण्याकडे काणाडोळा करतात. धुताना निदान साबणाचा बुळबुळीत पदर मधे असतो. घाईने धुतलेल्या गाडीवर धूळ अर्धीमुर्धी उरलेली असते आणि अर्धवट सुकलेल्या पत्र्यावरून ती कोरड्या फडक्याने रगडली जाते. त्यानंतर डॅशबोर्डला तेलकट पॉलिश लावतात, ज्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत घेऊन आपण घरी येतो. आरसे हललेले असतात, सीट मागे गेलेली असते. पण त्याला माझी हरकत नाही, कारण सीट पुन्हा पुढे घेता येते.

आता माझ्याविरुद्धही बोलले पाहिजे. पक्ष्यांची विष्ठा तापलेल्या क्लिअर कोटवर दिवसचे दिवस राहिली तर जो खोल डाग उमटतो, त्यापुढे वाईट धुण्याचे ओरखडे सौम्य ठरतात. म्हणून जो माणूस घरी गाडी कधीच धूत नाही, त्याने सर्व्हिस सेंटरमध्ये ती खुशाल धुऊन घ्यावी. पांढऱ्या किंवा रुपेरी गाडीच्या मालकाला तर हा लेख निम्मा लागूच होत नाही, कारण ओरखडे तेथेही पडतात, पण नजरेत भरत नाहीत. आणि गाडीचा तळ मीही त्यांच्याचकडून धुऊन घेतो. त्यांच्याकडे गाडी वर उचलणारी लिफ्ट असते, माझ्याकडे गुडघे आहेत.

खरी अडचण रंगाची नाहीच. ती नकार देण्याची आहे. पैसे लावून काही वाईट दिले तर भांडता येते, पण प्रेमाने फुकट दिलेली गोष्ट परत कशी करावी? ‘धुऊ नका’ म्हटले की समोरचा प्रथम हसतो, मग ‘सर, त्याचे पैसे नाहीत,’ असे समजावतो आणि शेवटी मी त्यांच्या कामाचा अपमान केला आहे, अशा चेहऱ्याने पेन उचलतो. हा प्रसंग टाळण्यासाठी मी एकदा गाडी घरी स्वच्छ धुऊन, पुसून, लखलखीत करूनच सर्व्हिसिंगला नेली, म्हणजे धुण्याचे कारणच उरू नये. त्यांनी ती तरीही धुतली. कागदावर खूण होती.

त्यानंतर मी उलटा मार्ग धरला. गेल्या खेपेला गाडी मुद्दाम धुळीने माखलेली तशीच नेली, जॉबकार्डवर ‘गाडी धुऊ नये’ असे माझ्यासमोर लिहून घेतले, त्याखाली रेघ मारायला लावली, आणि गाडी आत नेणाऱ्या मुलालाही जाऊन तेच सांगितले. त्याने मान डोलावली. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा धूळ होती तशी होती. आपले म्हणणे कोणीतरी इतके मनावर घेतल्याचा आनंद मला बॉनेटपाशी पोहोचेपर्यंत पुरला. धुण्याच्या विभागातल्या माणसांची चूक होऊ नये म्हणून त्या प्रामाणिक मुलाने बॉनेटवरच्या धुळीत बोटाने, चांगले दाबून, ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘धुऊ नये’.

मी घरी येऊन दोन बादल्या घेतल्या आणि गाडी सावकाश धुतली. धूळ गेली. कलत्या उन्हात ती अक्षरे अजूनही वाचता येतात.