पप्पा, पाय काढू नका

रविवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. पप्पांचा हात फोनकडे गेला. बस एवढंच. ओरडले नाहीत, माझ्या दुरुस्तीनंतर गाडी चालू झाली, इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा आरपीएमचा काटा उभ्या गाडीतच दीड हजारावर जाऊन बसला आणि माझ्याकडे न बघताच त्यांचा हात शर्टाच्या खिशात गेला. "मेकॅनिकाक फोन करूं?"

गेले दोन महिने गाडी उभी राहिली की थरथरायची, काटा खालीवर व्हायचा, बाणस्तारीच्या पुलाआधीच्या रांगेत तर दोनदा बंदच पडली. म्हणून पप्पा रांगेत एसी बंद करून, एक्सिलरेटर हलकेच दाबून घामाघूम बसायचे. दादा असता तर... जाऊ दे. मी ठरवलं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, आपणच साफ करायची. फोंड्याच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणला, कार्ब्युरेटरचा नाही, थ्रॉटल बॉडीचाच, कारण काही गाड्यांत आत लेप असतो आणि कार्ब्युरेटरच्या स्प्रेने तो खराब होऊ शकतो. रात्री जागून जागून वाचलं होतं हे सगळं.

एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप ढिली केली, पाइप बाजूला केला आणि आतली गोल पाकळी बघतच राहिले. कडेने काळं चिकट कडं धरलेलं, चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखं. इंजिनातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेला येते ना, तिचंच हे कीट. उभ्या गाडीला जेवढी हवा लागते ती या कडेच्या केसाएवढ्या फटीतून जाते आणि तीच बुजलेली. पाकळी बोटाने ढकलायची नाही, इलेक्ट्रॉनिक आहे, आतले गिअर बिघडतात. मग पेडल दाबायला कोणीतरी हवं. पप्पा आपणहून येऊन बसले. किल्ली ऑन, इंजिन बंद. मी म्हटलं, "पप्पा, पांय काडूं नाका," कारण पाय काढला की पाकळी फटकन मिटते. बोट आत घातलंच नाही, जुन्या टूथब्रशवर स्प्रे मारून घासत राहिले, मग बनियनच्या चिंधीने पुसलं, चिंधी काळी, दुसरी घेतली, तीही काळी. खूप वेळ लागला. त्यांनी पाय तसूभर हलवला नाही.

आणि तरीही फोन.

वाईट वाटलं, खूप. एवढं करून माझ्यावर भरवसा नाहीच का, हेच घोकत रात्रभर पडले. पण मला माहीत होतं ना की असं होतं! कीट साचलेलं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर इतके दिवस पाकळी जरा जास्त उघडी धरत होता, आता कडा साफ झाली पण त्याची सवय तीच, म्हणून हवा जास्त आणि काटा वर. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझंच तोंड उघडलं नाही. मीही घाबरलेच होते की. मग त्यांचा हात खिशात गेला तो भरवसा नाही म्हणून की घाबरून, हे मी कुठल्या तोंडाने विचारू?

शेवटी म्हटलं, थांबा, गाडी परत शिकेल. कॉम्प्युटरची जुनी सवय पुसायला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोड्या वेळाने लावली, गाडी आधी एसीशिवाय तशीच चालू ठेवली, रेडिएटरचा फॅन फिरेपर्यंत, मग एसी लावून. काटा हळूहळू आठशेवर आला. आमच्या गाडीला एवढं पुरलं, काहींना कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. पप्पा "बरें" म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आज गुरुवार, बाणस्तारीचा बाजार, पुलाआधी नेहमीसारखी रांग. मी शेजारी बसून त्यांच्या पायाकडेच बघत होते. पाय जुन्या सवयीने एक्सिलरेटरवर होताच. मेकॅनिकचा नंबरही फोनमध्ये सगळ्यात वर आहे, काल दिसला. असू दे.

रांग बराच वेळ हलली नाही. एसी त्यांनी बंद केला नाही.