कोकणकड्याचा बाक

२४ नोव्हेंबर, रात्री

हरिश्चंद्रगडावर काढलेल्या फ्रेम आज संध्याकाळी संगणकावर उतरवल्या आणि जुळवायला बसले. पॅनोरामा, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेले रुंद चित्र, शिकायला घेतल्यापासून माझा सगळा भर जोड न दिसण्यावर होता. आज पहिल्यांदाच जाणवले की जोड बेमालूम झाला तरी डोंगराचा आकार हाती लागेलच असे नाही, आणि आकार हवा असेल तर तो उभे राहण्याच्या जागेपासून ठरवावा लागतो. हे सविस्तर लिहून ठेवायला हवे.

कोकणकडा, म्हणजे गडाचा अर्धवर्तुळात आत वळलेला कडा, एका फ्रेममध्ये मावत नाही, असे गडावर जाणारा प्रत्येक जण म्हणतो. खरे तर सोळा मिलिमीटरची वाइड लेन्स लावली तर तो मावतो, पण समोरची भिंत इतकी दूर आणि बारीक होऊन जाते की तिचा दरारा उरत नाही. म्हणून मी पन्नासची लेन्स वापरते आणि कॅमेरा उभा धरते. फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर उभ्या फ्रेममध्ये या लेन्सला आडवे साधारण २७ अंश दिसते. शेजारच्या दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे दर वेळी कॅमेरा १८ अंश फिरवायचा. दहा फ्रेममध्ये १८९ अंश, म्हणजे अर्ध्या वर्तुळाहून थोडे अधिक, हाती येतात. माझ्या चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून असे चित्र सुमारे २७,००० पिक्सेल रुंद होते आणि छापायचे तर सात फुटांच्या पुढे जाते. एवढ्या तपशिलात समोरच्या कातळातली भेग न् भेग मोजता येते, आणि या मेहनतीचे खरे फळ माझ्या लेखी तेच आहे.

कड्याच्या काठावर उभे राहून हे करताना सर्वांत जास्त लक्ष पायाजवळच्या गवताकडे द्यावे लागते. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, पण लेन्स जिथून ‘पाहते’ तो बिंदू त्याच्या काही सेंटिमीटर पुढे असतो. हे अंतर आठ सेंटिमीटर धरले, तर १८ अंश फिरवल्यावर तो बिंदू अडीच सेंटिमीटर बाजूला सरकतो. पाचशे मीटरवरच्या कातळावर या सरकण्याचा परिणाम अर्धा पिक्सेलसुद्धा होत नाही. मात्र दोन मीटरवरची गवताची काडी तिच्या मागच्या कातळाच्या तुलनेत शंभरएक पिक्सेल हलते, आणि मग एकाच काडीची दोन टोके जोडावर येऊन उभी राहतात. त्यावर उपाय म्हणजे ट्रायपॉडवर सरकती पट्टी लावून कॅमेरा तेवढाच मागे घेणे. जवळची एक काडी आणि लांबचा एक सुळका एका रेषेत धरावेत, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवून पाहावा आणि दोघे एकमेकांपासून सुटेनासे होईपर्यंत पट्टी मागेपुढे करावी. हे एकदा जमले की पट्टीवर त्या लेन्ससाठी खूण करून ठेवता येते. नुसता दूरचा देखावा घ्यायचा असेल तर या खटाटोपाची गरज नाही, हातात धरूनही काम भागते. पण काठाशिवाय कोकणकडा दाखवायचा म्हणजे त्याची खोली गमावायची, हे मला मान्य नाही.

बाकीची शिस्त सोपी आहे. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर ठेवायचे आणि सर्वांत उजळ फ्रेमवरून प्रकाश ठरवायचा. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, काढून ठेवायचा, कारण सूर्यापासूनच्या कोनाप्रमाणे आकाश कुठे गडद, कुठे फिकट होते आणि रुंद चित्रात त्याचा पट्टा उमटतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर तो स्वतःच्याच सावलीत असतो. नोव्हेंबरअखेरीस दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास भिंतीवर ऊन आलेले असते आणि सूर्य अजून फ्रेमच्या वर असतो. माझ्या मते काम करण्याची वेळ तीच. सूर्यास्ताला काठावर गर्दी होते आणि आकाश अप्रतिम दिसते हे खरे, पण तेव्हा सूर्य थेट फ्रेममध्ये येतो आणि कातळाचे थर झाकोळतात.

वाऱ्याचे मात्र वेगळे सांगायला हवे. कड्याजवळ राहुट्या लावणाऱ्या पाचनईच्या काकांनी मला पाहून आधीच बजावले होते, “ताई, वारा खालून वर येतो इथं. तीन पाय घट्ट रोवा, आन् पिशवी त्याला बांधा.” त्यांचे ऐकून दगडांनी भरलेली पिशवी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला लटकवली, तीही जमिनीला टेकेल अशी, नाहीतर ती स्वतःच झोके घेऊ लागते. कॅमेरा सरळ आहे की नाही हे पाहायला पाणसळीशिवाय तिथे दुसरा आधार नाही. कोकणातल्या धुरकटामुळे क्षितिज दिसत नाही, आणि सरळ मानता येईल अशी एखादी इमारतही जवळ नाही. फिरण्याचा आस तिरका राहिला तर चित्र लाटेसारखे वर-खाली होते. ते नंतर सुधारता येते, पण वरचा-खालचा बराच भाग कापून टाकावा लागतो.

जुळवणीसाठी मी हगिन हे सॉफ्टवेअर वापरते; ते मोफत आहे आणि प्रत्येक पायरीवर काय चालले आहे ते दाखवते. शेजारच्या फ्रेममधल्या सारख्या खुणा ते स्वतः शोधते. मॅथ्यू ब्राऊन आणि डेव्हिड लो या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तर फ्रेम कोणत्या क्रमाने काढल्या हे सांगण्याचीही गरज उरली नाही. तरी मी प्रत्येक जोडीतल्या खुणा नजरेखालून घालते. हलणाऱ्या गवतावर आणि ढगांवर बसलेल्या खुणा पुसून टाकते आणि बेसॉल्टच्या थरांमधल्या भेगांवर, पाण्याच्या ओघळांवर बसलेल्या ठेवते, कारण चित्र त्यांच्याच आधाराने उभे राहणार असते. छायाचित्रकार फेलिचे बिआतो यांनी १८५८ मध्ये लखनौची जी रुंद चित्रे केली, त्यांत छापील फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत आणि सांधे उघड दिसतात. ती पाहिल्यापासून जोडाविषयीचा माझा धाक कमी झाला आहे.

आता मूळ मुद्दा. मी दोन ठिकाणांहून फ्रेम घेतल्या होत्या: एक काठाच्या साधारण मधून आणि दुसरी काठाच्या एका टोकाकडून. मधून घेतलेल्या दहा फ्रेम सुरेख जुळल्या, गवतसुद्धा कुठे तुटले नाही. तरीही त्या चित्रात कोकणकडा नाही. तिथे उभे असताना कड्याचे दोन हात दोन्ही बाजूंनी पुढे येऊन आपल्याला कवेत घेतात. चित्रात अर्धे वर्तुळ उलगडून सपाट होते, एक हात डाव्या टोकाला जातो, दुसरा उजव्या टोकाला, मध्ये मोकळे आकाश राहते. घरात ज्यांनी पाहिले त्यांनी विचारले, हे दोन डोंगर कोणते? चित्राचा यात दोष नाही, कारण सिलिंड्रिकल प्रोजेक्शनचे (भोवतालचे दृश्य नळकांड्यावर उतरवून ते उलगडण्याच्या रीतीचे) कामच मुळी गोलाकार सपाट करण्याचे आहे, आणि ते त्याने चोख केले आहे.

टोकाकडून घेतलेल्या फ्रेम फक्त पाच आहेत, ९९ अंशांच्या. तिथून काठाची रेघ पायापासून निघते, आत वळते आणि समोरच्या भिंतीला जाऊन मिळते; भिंत आतल्या बाजूला कशी पोखरलेली आहे तेही दिसते. सरळ रेघा सरळच ठेवणारे रेक्टिलिनिअर प्रोजेक्शन लावले तर कडेच्या फ्रेम दुपटीहून जास्त ताणल्या जातात, आणि सिलिंड्रिकलमध्ये काठाची वळणे गरजेपेक्षा फुगतात. म्हणून हगिनमधले पनिनी प्रोजेक्शन घेतले, ज्यात उभ्या रेघा उभ्याच राहतात आणि कडांचा ताण बराच आवरतो. हे चित्र पहिल्याच्या निम्म्याहून थोडे मोठे, पण कड्याचा बाक त्यातच आहे, आणि छापायला मी तेच देणार आहे.

पुढच्या खेपेला काठाचे दुसरे टोक गाठायचे आहे. तिथे पायाजवळ गवत कमी आणि उघडा कातळ जास्त आहे, म्हणजे वारा असला तरी जवळचा भाग हलणार नाही. पट्टीवरची पन्नासच्या लेन्सची खूण तशीच ठेवली आहे. पस्तीसची मात्र उद्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीचा पाइप आणि समोरचा विजेचा खांब एका रेषेत धरून, नव्याने काढून घेते.