काकांचा गडी

बुधवारी सकाळी पावणेनऊला वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रेसमध्ये पोचले. छत्रीतून पाणी गळत होतं, ती दाराशी टेकवली आणि सवयीने सर्व्हरकडे पाहिलं. तिसऱ्या डिस्कचा दिवा केशरी.

पहिल्या डिस्कचा सोमवारीच केशरी झाला होता. त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या चार डिस्क रेड-५ मध्ये, म्हणजे सगळ्या मिळून एकच डेटा सांभाळतात अशा जोडलेल्या, त्यात एक गेली तरी काम चालतं. ती बदलायची आणि उरलेल्या तिघी मिळून नवीला भरतात. मंगळवारी पोऱ्याला लॅमिंग्टन रोडला पाठवून डिस्क मागवली, संध्याकाळी बसवली आणि रात्रभर भरत राहील म्हणून घरी गेले. पण भरताना उरलेल्या डिस्कवर सगळा भार पडतो, आणि एकाच दिवशी विकत घेतलेल्या डिस्क बरेचदा एकाच सुमारास थकतात. रात्रीत कधीतरी तिसरीने मान टाकली. दोन गेल्या की रेड-५ चं काही उरत नाही.

शेठ दहाला आले. आमचं काम पॅकेजिंगचं, म्हणजे औषधांची खोकी, मिठाईचे बॉक्स. जुलै महिना, त्यामुळे मोदकांच्या बॉक्सची तीन-चार आर्टवर्क प्लेटला जायच्या बेतात होती. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, बॅकअपची टेप आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं.

त्या "आहे की"मध्ये बराच तोरा होता. शेठचा मुलगा वर्षभर माझ्या मागे लागला होता, टेप कसली वापरता, क्लाउडवर टाका सगळं. त्याला मी दरवेळी तेच सुनवायचे, की २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या चुकीने काही जीमेल खात्यांतला मेल गायब झाला तेव्हा खुद्द गूगलने तो टेपवरून परत आणला होता. हे मला काकांनी सांगितलेलं. काका म्हणजे माझ्या आधी सिस्टीम सांभाळायचे ते, फेब्रुवारीअखेर रिटायर झाले. टेप ड्राइव्ह त्यांनीच निवडली, एलटीओ-५. एका काडतुसात दीड टीबी, आत ८४६ मीटर फीत. बारा डब्यांच्या तीन लोकल एकामागे एक उभ्या केल्या तरी फीत थोडी उरेल. एवढी फीत तळहातावर मावते, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ती टेप भरायला काकांनी एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिचं नाव गडी. टाईप करायचं 'गडी रात्र', की गडी पुढचं सगळं बघणार: एकेक फोल्डर टारने बांधायचा, मध्ये थोडा मेमरीत साठवायचा म्हणजे ड्राइव्हला धार सलग मिळते, मग टेपवर उतरवायचा आणि सकाळी मेल टाकायचा. टार म्हणजे फायलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्राम, नावच टेप आर्काइव्हवरून आलंय, १९७९ च्या युनिक्समध्ये ते होतं. मधल्या साठवणीबद्दल काकांचं एकच म्हणणं असायचं, "ड्राइव्ह उपाशी ठेवायची नाही. डेटा आला नाही की ती थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. फीत घासते, वेळ जातो." फोल्डर चार: ग्राहक, अकाउंट्स, होम, सेटिंग. टेपवर एकामागे एक चार गठ्ठे.

अडचण अशी की गडीही त्याच मेलेल्या सर्व्हरवर राहायचा. म्हणून डिझाइनच्या एका जुन्या पीसीत ड्राइव्हचं कार्ड बसवलं, त्यात तासभर गेला, सोमवार रात्रीची टेप आत ढकलली आणि हातानेच टार चालवलं.

पडद्यावर आलं: कॅनॉट अलोकेट मेमरी.

पोटात गोळा आला. पीसीत मेमरी भरपूर होती. मेमरीचा प्रश्नच नव्हता, पण ते कळायला मला टेपच्या डबीतला कागद बाहेर काढावा लागला. त्यावर काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: 'बी ५१२'. म्हणजे अर्ध्या केबीचे ५१२ तुकडे, गडी २५६ केबीचे ठोकळे लिहायचा आणि मी न सांगता टार १० केबीचं भांडं घेऊन उभं होतं. ठोकळा भांड्यात मावत नाही एवढंच त्या एररला म्हणायचं होतं. बी ५१२ दिलं आणि यादी सरसर पडद्यावर धावली.

दोन मिनिटांत संपली. सगळा सेटिंग फोल्डर. तीन जीबी.

पुढच्या गठ्ठ्यावर जायची आज्ञा दिली. इनपुट-आउटपुट एरर. पुन्हा दिली, पुन्हा तेच. शनिवारची टेप घातली, शुक्रवारची घातली. आठवड्याच्या सहाही टेपांवर तोच एक गठ्ठा, सेटिंग, आणि पुढे काही नाही. दरम्यान शेठ दोनदा दारात येऊन काही न बोलता गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सेटिंग फोल्डरमध्ये एक गोष्ट मात्र धडधाकट होती, ती म्हणजे गडी. घर जळालं आणि गडी तेवढा बाहेर पळाला. म्हटलं, बघू तरी हा रोज रात्री काय करत होता.

उघडल्यावर आधी माझीच टीप दिसली, मार्चच्या पहिल्या आठवड्यातली: 'पडताळणी जोडली.' काका गेल्यावर मी केलेली पहिली सुधारणा. काकांचा गडी लिहायचा पण लिहिलेलं पुन्हा वाचून बघायचा नाही. मला ते पटत नव्हतं. म्हणून प्रत्येक फोल्डर टेपवर गेला की टारनेच तो मूळ फायलींशी ताडून पाहायचा, अशी ओळ मी घातली. ती ओळ पहिल्यांदा चालेना. का, तर लिहून झाल्यावर टेप लिहिलेल्याच्या पुढे उभी असायची आणि वाचायला समोर काहीच नसायचं. मग मी ड्राइव्हचं नाव बदललं. एनएसटी-झीरोच्या जागी एसटी-झीरो. पडताळणी लगेच चालली, आणि मी खूश.

लिनक्समध्ये टेप ड्राइव्ह एकच, पण तिची नावं दोन. एनएसटी-झीरोतला एन म्हणजे नो-रिवाइंड, काम झालं की टेप आहे तिथेच थांबते. एसटी-झीरो म्हटलं की काम संपताच टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला येते. पडताळणीला तेच हवं होतं. पण पुढचा फोल्डरही त्यामुळे सुरुवातीपासूनच लिहिला जायचा. ग्राहक लिहिला, ताडला, बरोबर. त्याच्यावर अकाउंट्स लिहिला, ताडला, बरोबर. त्याच्यावर होम, त्याच्यावर सेटिंग. सकाळच्या मेलमध्ये चारही फोल्डरांपुढे ओके, आणि त्यातला एकही ओके खोटा नव्हता. जेव्हा जेव्हा ताडलं, तेव्हा तेव्हा तो फोल्डर टेपवर होताच.

ध चा मा करायला आनंदीबाईंना निदान एक अक्षर लिहावं लागलं होतं. मी नुसतं एक खोडलं.

एप्रिलमध्ये रात्रीच्या वॉचमन मामांनी मला म्हटलंसुद्धा होतं, "ताई, तुमचं मशीन हल्ली पहाटेपर्यंत गरगरतं, आधी दोनला गप व्हायचं." मी कौतुकाने सांगितलं, आता ते तपासणी पण करतं ना.

काकांना फोन लावला. चरईत राहतात. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, शेठकडच्या कपाटात बघ. महिन्याच्या टेपा." महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची टेप शेठच्या पाचपाखाडीच्या घरी ठेवायची, हा काकांचा शिरस्ता. मी तो पाळला होता, त्यामुळे मार्च ते जूनच्या चारही टेपा माझ्याच पुण्याईने निकामी. पण फेब्रुवारीची टेप काकांच्या गडीने भरलेली होती.

तीन हात नाक्यावर पाणी तुंबलेलं. रिक्षा अर्धा तास एका जागी. परतताना टेप दोन पिशव्यांत गुंडाळून रेनकोटच्या आत धरली होती. पोचल्या पोचल्या काकांचा फोन, "लगेच घालू नकोस. निदान तासभर एसीत पडू दे, ओल जाऊ दे." तो तास मी काडतुसाकडे बघत बसले.

पहिला गठ्ठा: ग्राहक. पुढच्या गठ्ठ्यावर जा: अकाउंट्स. पुढे: होम. पुढे: सेटिंग. पुढे काही नाही, आणि या वेळी ते बरोबर होतं.

ग्राहक ८४० जीबी. ड्राइव्हच्या १४० एमबी सेकंदाच्या वेगाने हिशेब पावणेदोन तासांचाही होत नाही. पण जुन्या पीसीत फायली उतरायला साडेचार तास लागले. रात्री पावणेदहाला मी शेठला फेब्रुवारीपर्यंतचं सगळं आल्याचं सांगितलं.

राहिले साडेचार महिने. टॅलीचा डेटा अकाउंट्सच्या वहिनी रोज पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकायच्या. त्यावरून मी त्यांची चेष्टा करायचे. तो त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. मोदकांच्या बॉक्सची आर्टवर्क डिझायनरच्या डेस्कटॉपवर निघाली, जे त्याला मी सक्त मना केलं होतं. ग्राहकांना मंजुरीसाठी पाठवलेल्या पीडीएफ मेलमध्ये होत्या. तीस-पस्तीस कामं मुळापासून पुन्हा बांधावी लागली, सगळ्यांचे दोन रविवार गेले.

शनिवारी काका आले, चहा घेतला आणि गडी उघडायला सांगितला. चष्मा कपाळावर सारून ओळ वाचली. मला वाटलं माझी पडताळणी काढून टाकतील. तसं केलं नाही. एन परत घातला, ताडण्याआधी टेप एक गठ्ठा मागे घेणारी ओळ टाकली, आणि शेवटी एक नवी आज्ञा: चारही झाल्यावर टेप गुंडाळ, गठ्ठे मोज, चार नसतील तर ओके लिहू नकोस. "ही मला तेव्हाच सुचायला हवी होती," म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं.

जूनची टेप मी पुन्हा वापरात आणलेली नाही. होम ११० जीबीचा, म्हणजे तिच्यावर ग्राहक फोल्डर सुरुवातीचेच तेवढे जीबी पुसला गेलाय. बाकीचा फितीवर अजून तसाच असणार. पण तीन जीबीनंतर 'इथे डेटा संपला' अशी खूण आहे आणि ड्राइव्ह तिच्यापलीकडे जायला तयार नाही. टेप माझ्या खणात आहे, वहिनींच्या जुन्या पेनड्राइव्हशेजारी.