चिमणी राहिली, भोंगा गेला

बंद पडलेल्या कारखान्यांच्या भागाचे आधीचे-नंतरचे फोटो बघायचा मला नादच आहे. आधी गंजलेले पत्रे नि फुटक्या काचा, आणि काही वर्षांनी तिथेच टॉवर, कॅफे, सायकल ट्रॅक. भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या फोटोतली माणसं दुसऱ्यात शोधायला गेलं की सापडत नाहीत.

लंडनचं डॉकलँड्स घ्या. कंटेनरची मोठी जहाजं आली, जुन्या गोद्या त्यांना पुरेनात, माल नदीच्या मुखाकडच्या टिलबरी बंदराकडे सरकला आणि १९८१ पर्यंत शेवटच्या मोठ्या गोद्याही बंद. त्याच वर्षी सरकारने वेगळं महामंडळ काढून नियोजनाचे अधिकार स्थानिक कौन्सिलांकडून काढून त्याला दिले, पुढच्या वर्षी तिथल्याच आयल ऑफ डॉग्ज या भागाला एंटरप्राइझ झोन, म्हणजे धंद्यांना दहा वर्षं स्थानिक कर माफ, आणि मग उभं राहिलं कॅनरी व्हार्फ, ऑफिसांच्या टॉवरचं संकुल. नोकऱ्या आल्या का? ढिगाने आल्या, पण बँकांच्या! जन्मभर जहाजावरचा माल उतरवलेल्या माणसाला पन्नाशीत बँकेत कोण घेणार? (आणि गंमत म्हणजे टॉवर बांधणारी कंपनीच १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली.)

न्यूयॉर्कची हाय लाइन, म्हणजे खांबांवरून जाणारा जुना रेल्वेमार्ग, पण तशीच. १९८० ला शेवटची मालगाडी गेली, २००९ ला त्या रुळांवर बाग झाली, सुंदरच आहे ती, फक्त आजूबाजूच्या जागांचे भाव चढले आणि शेजारच्या सरकारी घरांतल्या लोकांना बाग आपली वाटेना. हे तिच्या एका संस्थापकानेच पुढे जाहीरपणे कबूल केलं.

मला आवडतं ते जर्मनीतलं ड्युइसबुर्ग. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद झाला, पण पाडला नाही, भट्ट्या तशाच ठेवून पार्क केला. गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरलंय आणि लोक त्यात चक्क डायव्हिंग करतात. आता हे जमलं त्याचं एक कारण म्हणजे तिथल्या जमिनीसाठी बिल्डरांची रांग लागलेली नव्हती, हे मान्य करायला पाहिजे. आणि पार्कने गेलेले रोजगार काही परत आणले नाहीत, बेकारी त्या शहरात अजून जास्तच आहे. पण पार्कात जायला तिकीट नाही, रात्रीसुद्धा उघडा. पेटर लात्स या डिझायनरच्या डोक्यात होतं की इथे राबलेल्या आजोबाने नातवंडांना घेऊन यावं, आणि मी इथे काय काम करायचो ते त्या भट्टीपाशीच उभं राहून सांगावं.