तुम्ही विचारलंत म्हणून : देवाचा राग येत नाही का?

ब्लाउज न्यायला आलेल्या बायका घटकाभर टेकतात, चहा होतो, आणि मग कुणीतरी विचारतंच, “काकू, एवढी कामं अडतात तुमची, तरी देवापुढं हात जोडता. राग नाही येत त्याचा?” दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून देते.

येतो. गेल्या नोव्हेंबरात आला होता.

हे गेल्यापासून यांची पेन्शन माझ्या नावावर येते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. मशीनवर बोट ठेवायचं, ठसा जुळला की झालं. माझा जुळेना. चाळीस वर्षं सुई, कात्री आणि कापड यात बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मधलं बोट झालं, हात धुऊन झाले, तेल चोळून झालं. दुसऱ्या खेपेला मशीनला रेंज नव्हती. तिसऱ्या खेपेला ते काम बघणारा मुलगाच रजेवर. सांगलीच्या गावभागातून विश्रामबागपर्यंत रिक्षानं जायचं, दोन-दोन तास बसायचं, आणि घरी लग्नसराईचे ब्लाउज कापून पडलेले. तिसऱ्या दिवशी परत येताना रिक्षात मी देवाला म्हटलं, ‘मी जिवंत आहे, एवढी साक्षसुद्धा तुला देता येत नाही का रे?’ त्या संध्याकाळी दिवा लावला, पण नाव घेतलं नाही.

रात्री झोप येईना. 2019 चा महापूर आठवत राहिला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टात कृष्णामाई 57 फुटांवर गेली. शिलाई मशीन माळ्यावर चढवून आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो. परतलो तेव्हा गिऱ्हाइकांचं कापड चिखलात लडबडलेलं. तरी माझ्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नव्हता. आणि आता एका अंगठ्यासाठी मी देवाशी अबोला धरला होता! मोठ्या संकटात हात आपोआप जोडले जातात, दुसरं काही करण्यासारखं उरतच नाही. पण रांग, चुकलेली एसटी, ऐन कामात गेलेली लाइट, इथं आपल्याला वाटत असतं की हे तरी माझ्या मनासारखं व्हायलाच हवं. माझा विश्वास तुटतो तो इथं.

माझी समजूत घालताना लोक सांगतात, अमक्याची गाडी चुकली आणि पुढं त्याच गाडीला अपघात झाला, देवानंच त्याला थांबवलं. मला हे कधी पटलं नाही. त्या गाडीत बसलेली माणसं देवाला नकोशी होती का? त्यांच्या घरीही देव्हारा असेल, आई वाट बघत असेल. माझं नुकसान टळलं म्हणून देव खरा, हा हिशोब मला मांडवत नाही.

मला धीर मिळतो तो वाडीला. नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतं. उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसं धावतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लहानपणी मी आईला विचारलं होतं, देवाच्याच घरात पाणी शिरलं तर सोहळा कसला? ती म्हणाली, “पादुका उठून गेल्या का? आहेत ना तिथंच, पाण्याखाली?”

कृष्णा आमच्याकडून पुढं वाडीला जाते. ज्या पाण्यानं माझं घर भिजवलं, तेच पुढं पादुकांवरून गेलं. देवाचा त्यात हेतू काय, ते मला कळलेलं नाही. पण तो त्या पाण्याबाहेर नव्हता, एवढं मला पुरतं.

माझ्या सासूबाई गोंदवल्याच्या महाराजांना मानायच्या. काही अडलं की म्हणायच्या, “राम कर्ता.” आणि लगेच पदर खोचून उठायच्या. मी बरीच वर्षं त्यांचं म्हणणंच ऐकलं, उठणं पाहिलं नाही.

चौथ्या खेपेला शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांचाही ठसा उठत नव्हता. हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी. मी त्यांना अर्ज लिहून दिला, की ठसा जुळत नाही, तरी समक्ष पाहून कागदी दाखला घ्यावा. साहेबांनी घेतला. माझी कागदाची झेरॉक्स मात्र घरी राहिली होती, म्हणून मला पाचवी खेप पडली.

त्या आजोबांसाठीच देवानं मला हेलपाटे घातले, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी माझं लक्ष माझ्या अंगठ्यावरून निघालं होतं, म्हणून ते मला दिसले. आधीचे तीन दिवसही शेजारी कुणी असंच बसलं असेल. मला एकाचाही चेहरा आठवत नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आता पुन्हा नोव्हेंबर आलाय. उद्या जायचंय. पिशवीत झेरॉक्स टाकली आहे, कागदी दाखल्याचे दोन नमुने जादा घेतलेत, आणि रांगेत बसून हातशिलाई करायला चार ब्लाउज.