न भडकणारा अग्नी

चिनी संगीतकार चेन छीगांग यांच्या ‘वू शिंग’ (पाच तत्त्वं) या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत अग्नी येतो तेव्हा मी वाट बघत होते ती कल्लोळाची. पितळी वाद्यं, नगारे, सगळं एकदम अंगावर येणार असं वाटत होतं. पण चेन यांच्या मते हा अग्नी आक्रमक नाहीच, तो प्राण आणि ऊब आहे. आणि सगळ्यांत बलवान कोण? पाणी. तेही शांत. हे वाचून पुन्हा ऐकायला बसले आणि तेव्हापासून ही रचना माझ्या कानातून गेलेली नाही.

रेडिओ फ्रान्सच्या मागणीवरून केलेली ही १९९९ची रचना. पाणी, लाकूड, अग्नी, माती, धातू असे पाच भाग, प्रत्येक जेमतेम दोन-एक मिनिटांचा. आपल्या पंचमहाभूतांची सवय घेऊन ऐकलं तर चुकल्यासारखं होतं. वायू नाही, आकाश नाही, आणि लाकूड इथे कसं आलं? पण चिनी परंपरेत ही पाच म्हणजे सृष्टी घडवणारी द्रव्यं नव्हेत, एकातून दुसरं होण्याच्या अवस्था आहेत. पाण्यावर झाड वाढतं, लाकडातून आग, आगीची राख म्हणजे माती, मातीच्या पोटात धातू. चेन यांनी भागांचा क्रम हाच ठेवला आहे. म्हणून मी भागांपेक्षा त्यांचे सांधे जास्त ऐकते. एक भाग विझता विझता पुढच्यासाठी काय ठेवून जातो, हे शोधण्यात खरी गंमत आहे.

चेन यांचा जन्म १९५१चा, शांघायमधला. वडील चित्रकार आणि सुलेखनकार. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत हा मुलगा किशोरवयातच ‘वैचारिक पुनर्शिक्षणा’साठी तीन वर्षं कोंडला गेला. १९७७ मध्ये बीजिंगच्या मध्यवर्ती संगीत महाविद्यालयात प्रवेश, १९८४ मध्ये फ्रान्स, आणि तिथे फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांचा शेवटचा शिष्य. मेसियां रानात जाऊन पक्ष्यांचे आवाज स्वरलिपीत टिपून आणत. शिष्याने ती वाट धरली नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. चेन निसर्गाची नक्कल करत नाहीत. त्याच्याकडे ते चिनी चित्रकारासारखे बघतात. बांबू दिसतो तसा काढायचा नाही, त्याचं वाकणं काढायचं.

हे सर्वांत स्पष्ट ऐकू येतं ते चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या ‘रफ्ले दँ ताँ दिस्पारू’मध्ये, म्हणजे हरवलेल्या काळाच्या प्रतिबिंबात. १९९८ मध्ये पॅरिसमध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. त्याच्या मुळाशी ‘मेइहुआ सान-नोंग’ ही गुछिन या चिनी तंतुवाद्यावरची जुनी धून आहे. तिची स्वरलिपी १४२५च्या ग्रंथात सापडते. मेइहुआ म्हणजे ऐन थंडीत, पानं फुटण्याआधी फुलणारा प्लमचा बहर. पाइन आणि बांबूसोबत तो ‘हिवाळ्याच्या तीन मित्रां’पैकी एक मानला जातो, न वाकणाऱ्या माणसाचं प्रतीक. जिची तरुणाई कोंडवाड्यात गेली त्या पिढीच्या संगीतकाराने ही धून उचलावी, याचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही.

मी सतार शिकते, त्यामुळे माझा कान आधी घसिटीकडे, तारेवरून बोट सरकवत स्वर बदलण्याकडे जातो. गुछिनमध्ये डावं बोट तारेवरून सरकत जातं आणि छेडलेला स्वर विरत असताना दुसऱ्या स्वरावर पोचतो. चेलोला गज आहे, स्वर विरायचं कारणच नाही. तरी चेन त्याच्याकडून तसलाच लांब, वळत जाणारा सूर काढून घेतात. मूळ धुनेत मुख्य चाल तीनदा येते, तारेला नुसतं स्पर्शून काढलेल्या घंटेसारख्या स्वरांत, दर वेळी तारेवरच्या वेगळ्या जागी. ती आधी गुछिनवर निवांत ऐका. मग चेलोकडे या. चाल मनात बसलेली असली की ती ऑर्केस्ट्रात कुठे बुडते आणि कुठे वर येते हे आपसूक कळायला लागतं. ‘वू शिंग’ त्यानंतर ऐकलं तरी चालेल, फक्त पाचही भाग न थांबता ऐका.